डावा झेल

माझ्या नोकरीचं नाव 'सहजकृती मार्गदर्शक' असं होतं. गळ्यात ओळखपत्र, त्यावर माझा हसरा फोटो आणि खाली हे दोन शब्द. आमच्या गल्लीत त्यांचा अर्थ कुणालाच लागला नाही, आणि आईने विचारलं तेव्हा मलाही सांगता आला नाही. काम असं होतं: खुर्चीत बसायचं, डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि जो हात मला नाही, त्या हाताने पडणारी वस्तू पकडायला जायचं. मग वरून प्रेस यायची आणि तो हात चिरडायची. मग पुन्हा तेच.

कारखान्यात ज्या वस्तूवर काम चालतं तिला जॉब म्हणतात. एक जॉब पकडताना माझा हात गेला, आणि हात गेला म्हणून मला दुसरा जॉब मिळाला. हा विनोद मीच केला होता, अगदी सुरुवातीला. कंपनीतल्या साहेबलोकांना तो इतका आवडला की ते तो पाहुण्यांना ऐकवायचे. आता आठवला की डोकं फिरतं.

मी प्रतीक्षा मदने. कराडजवळ तासवड्याच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होते. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे साच्यावर ठेवायचा, प्रेस दणकन खाली येते, पत्र्याला आकार देऊन वर जाते, तयार जॉब काढायचा, पुढचा ठेवायचा. पूर्वी या प्रेसला दोन बटणं असत. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय ती खाली येतच नसे. त्यामुळे ती खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर असणार, हे नक्की. यात वेळ जायचा. पण ती बटणं असताना आमच्या शॉपमध्ये, म्हणजे प्रेसच्या शेडमध्ये, कुणाचं बोटही गेलं नव्हतं.

मग रक्षापट्टी आली.

पट्टीमागचं विज्ञान खरंच सुंदर आहे, ते मी रागातसुद्धा नाकारणार नाही. हात हलण्याआधी हात हलवायचा हुकूम निघतो. मेंदूतून मणक्यात, मणक्यातून नसांमधून कोपराखालच्या स्नायूंत. हुकूम स्नायूपर्यंत पोचला की तिथे बारीकशी वीज उमटते, आणि त्यानंतर बोटं प्रत्यक्ष हलेपर्यंत थोडा वेळ जातो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण यंत्राला तेवढा पुरतो. पट्टी ती वीज वाचते, हात कुठे निघालाय ते ओळखते आणि हात डायमध्ये पोचायच्या आत प्रेसला थांबवते. तुमच्या हाताला कळायच्या आधी पट्टीला कळतं, असं त्यांच्या जाहिरातीत होतं. एवढं सगळं पट्टी करणार म्हटल्यावर बटणं कशाला हवीत? बटणं काढली. प्रेस आता आपल्या लयीत खालीवर होऊ लागली आणि आम्ही तिच्या लयीत.

पट्टी माणशी एक. कामाच्या हातावर. एकदा हातावर चढवली की त्या हाताशी तिची गाठ पक्की व्हायची, काढता यायची, पण दुसऱ्या हातावर चालत नसे.

ती आम्हाला कशी मिळाली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, प्रेसला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. कंपनीने सगळ्या पट्ट्या तबकात मांडून पूजेत ठेवल्या होत्या. आरती झाली आणि सुपरवायझर तबक घेऊन रांगेतून निघाला. एकेकाच्या हातावर पेढा ठेवायचा आणि म्हणायचा, कामाचा हात पुढे करा. आम्ही सगळ्यांनी, झाडून सगळ्यांनी, उजवा हात पुढे केला. पेढा उजव्या हातावर, पट्टी उजव्या हाताला. देवासमोर डावा हात कोण पुढे करतं?

मी डावरी आहे. जन्मजात. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आई उलथन्याची दांडी बोटांवर मारायची. डाव्या हाताने काही दिलं की पाहुण्यांसमोर डोळे वटारायची. मी लिहायला, जेवायला, द्यायला-घ्यायला उजवी झाले. लोकांना वाटायचं, पोरगी सुधारली. पण अचानक काही अंगावर आलं, हातातून निसटलं, तर पुढे जायचा तो डावा. त्याला आईची दांडी कधी पोचलीच नाही.

त्या दिवशी तयार जॉब डायच्या डाव्या कडेला अडकला, हलला आणि घसरायला लागला. मी काही ठरवलं नाही. डावा हात गेला. उजव्या हातावरची पट्टी शांत होती, तिचा हात तर जागच्या जागी होता. शेजारच्या प्रेसवर शबाना मुल्ला होती. ती सांगते की मी ओरडले नाही, फक्त उजव्या हाताकडे बघत राहिले.

मनगटाच्या वरपासून हात काढावा लागला.

चौकशी झाली. निष्कर्ष असा की कामगाराने कामाचा हात चुकीचा घोषित केला होता, त्यामुळे अपघाताची जबाबदारी कामगाराची. घोषित! पेढा घ्यायला हात पुढे केला, ती माझी घोषणा. हे मी आईला सांगितलं आणि तिने पदर तोंडाला लावला. तेव्हापासून ती एकच वाक्य धरून बसली: "म्याच मारून मारून तुजा हात फिरवला. म्या तसंच ऱ्हाऊ दिलं असतं तर पट्टी डाव्या हाताला असती." मी तिला समजावत नव्हते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. तिच्या हातचं पाणी घेतानासुद्धा मला राग यायचा.

दवाखान्यात कंपनीच्या संशोधन विभागातल्या आर्या कुलथे मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या, बोलायला मऊ. त्यांनी फळं आणली आणि नोकरी आणली. भरपाई मिळणार नव्हती, पण नवं करिअर मिळणार होतं, हा शब्द त्यांचा. त्यांनी मला नीट समजावलं. तुटलेल्या हाताचे हुकूम मेंदू अजून सोडत असतो, म्हणून गेलेली बोटं आहेत असं वाटतं, दुखतात, खाजतात. शस्त्रक्रिया करून त्या नसांची टोकं उरलेल्या हाताच्या स्नायूंत जोडली, की ते हुकूम तिथे स्वच्छ वाचता येतात. आणि पट्टीला नेमकं तेच हवं होतं. पट्टी शिकली होती ती शांतपणे हात पुढे करणाऱ्या माणसांवर. पण अपघात शांतपणे होत नाहीत. विचार न करता जो हात झेप घेतो त्याची वीज वेगळी असते, आणि ती गोळा करायची तर धडधाकट माणसाचा हात खऱ्या प्रेसखाली घालावा लागेल. तो कोण घालणार?

मॅडमनी बोलणं इथेच सोडलं. उरलेलं माझ्या लक्षात आलं. माझा घालता येणार होता, कारण तो नव्हताच.

मी हो म्हटलं. माझा नवरा नितीन पिकअप चालवतो, त्याच्या खेपांचा भरवसा नसतो, आई आमच्याकडेच राहते, आणि मुलगी इरा तेव्हा पाच वर्षांची होती. शिवाय मला वाटलं, निदान दुसऱ्या कुणाचा हात वाचेल. ते खोटंही नव्हतं. काही महिन्यांनी शबानाच्या हातून जॉब सुटला, तिचा उजवा हात डायमध्ये निघाला आणि पट्टीने प्रेस अधांतरी थांबवली. पट्टी ती झेप माझ्याकडून शिकली होती. शबाना डबा भरून बिर्याणी घेऊन घरी आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला. तो एक दिवस मी कंपनीला माफ करते, बाकीचे नाही.

चष्म्यातून मला माझा डावा हात दिसायचा. तीळ, बांगडीचा वळ, सगळं. जॉब घसरायचा, हात जायचा, प्रेस यायची. उरलेल्या हाताभोवतीचं यंत्र त्याच क्षणी आवळायचं, आणि बाकीचं मेंदू स्वतःच पूर्ण करायचा. दुखायचं म्हणजे दुखायचंच. मॅडम म्हणायच्या, दुखलं नाही तर मेंदू फसत नाही, आणि फसला नाही तर झेप खरी येत नाही. आणि गोळा केलेली माझी ती डावी झेप ते संगणकात आरशासारखी उलटवायचे आणि उजव्या पट्ट्यांमध्ये भरायचे. पट्ट्या सगळ्या उजव्याच होत्या ना. हे मला कळलं तेव्हा मी हसले. आईने जे उलथन्याने केलं तेच कंपनी संगणकाने करत होती. आईने निदान विकलं नव्हतं.

मग घरात एक गोष्ट घडली.

दुपारी मी स्वयंपाकघरात होते, इरा ओट्यावर बसून पाय हलवत शाळेतलं काहीतरी सांगत होती. ओटा ओला होता. ती घसरली. माझ्यापासून हातभर अंतरावर. माझा उजवा हात रिकामा होता. मी तिला पडताना पाहिलं, अगदी सावकाश, पूर्ण पाहिलं, आणि माझा हात जागचा हलला नाही. तिची हनुवटी फरशीवर आपटली. आई बाहेरून धावत आली, तिने तिला उचललं, मी तशीच उभी.

हनुवटीला टाके पडले. परत येताना रिक्षात इरा माझ्या मांडीवर होती. रडून झालं होतं. तिने मला विचारलंसुद्धा नाही, फक्त सांगितलं, "आई, तू मला पकडलं नाहीस."

 त्यानंतर नितीन खेपेला जाताना इराला आईकडे सोपवून जायला लागला. मी समोर बसलेली असायची आणि तो आईला सांगायचा, मामी, इराकडे जरा लक्ष ठेवा. मी त्याच्या मामाची मुलगी, म्हणून आई त्याची मामी.  मामीवर त्याचा विश्वास होता, पोरीच्या आईवर नव्हता. आणि त्याचं चुकत नव्हतं, यानेच माझा जीव जळायचा.

मी कुलथे मॅडमना जाऊन विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या की मेंदू प्रत्येक हालचालीचं फळ बघत असतो. पकडायला गेलं की चिरडतं, हे त्याला पुन्हा पुन्हा शिकवलं तर तो हुकूम सोडणंच बंद करतो. माझ्या झेपा मंदावल्यात हे त्यांना केव्हाच दिसलं होतं.

"पण चिरडायचा तो डावा हात," मी म्हटलं. "इरा पडली तेव्हा उजवा होता."

"मेंदू पकडायलाच शिकतो, प्रतीक्षा, किंवा न पकडायला. डावं-उजवं त्यात फारसं नसतं."

मी विचारलं, मग पट्टी एकाच हाताला का? त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या की दोन पट्ट्या लावल्या तर प्रेस दुप्पट वेळा थांबते, उत्पादन बसतं, हे पहिल्याच चाचणीत दिसलं होतं. मग त्यांनी विषय बदलला. झेपांचं काम आता संपत आलंय, पण मला काढणार नाहीत, उलट बढती आहे. कारखान्या-कारखान्यांतून फिरून कामगारांशी बोलायचं. सुरुवात आपल्याच सुरक्षा सप्ताहात. सत्कार होईल, आईंनाही घेऊन या. बोलायचं फार नाही, एवढंच की मी कामाचा हात चुकीचा सांगितला आणि त्याची किंमत मोजली, तुम्ही तसं करू नका.

"हे बोलले तर नोकरी," मी म्हटलं.

"हे बोलणं हीच नोकरी," त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, बोलून टाक, खरंच हाय न्हवं ते. मी इतकी चिडले की तिला म्हणाले, खरं असेल तर ते तुझं आहे, माझं नाही. ती उठली आणि भाकरी थापायला बसली. तिची पाठ बघून मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

सप्ताहाच्या दिवशी शॉपमध्येच मांडव घातला होता. मागे गप्प उभ्या प्रेस, पुढे खुर्च्यांवर पूर्ण शिफ्ट, प्रत्येकाच्या उजव्या हाताला पट्टी. आई पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत. मला शाल दिली, नारळ दिला. नारळ घ्यायला दोन हात लागतात हे कुणाला सुचलं नव्हतं. तो माझ्या एका हातात देऊन साहेब फोटोसाठी हसले. व्यासपीठावर एका टोपलीत पिवळे रबरी चेंडू होते, त्यांवर 'सुरक्षा प्रथम' छापलेलं, कार्यक्रम संपल्यावर वाटायला.

मी माइकसमोर उभी राहिले. "मी कामाचा हात," एवढं म्हणाले आणि पुढचं येईना. समोर ते सगळे उजवे हात दिसत होते आणि मला खंडेनवमीचं तबक आठवत होतं. नारळ टेबलावर ठेवून मी टोपलीतला एक चेंडू उचलला.

"शबाना, झेल," मी म्हटलं आणि टाकला. उजव्या हाताने नेम धरायला आईने मला लहानपणीच शिकवलं होतं. मी तिच्या डाव्या खांद्याकडे टाकला. शबाना माझ्यासारखी नाही, पक्की उजवी आहे. तिने तो डाव्या हाताने झेलला.

दुसरा टाकला, पाटणहून आलेल्या एका नव्या पोरीकडे, डाव्या बाजूला. डाव्या हाताने झेलला. तिसरा सुपरवायझरकडे. त्यानेही डाव्याच. लोक आधी हसत होते. मी टाकत राहिले, प्रत्येकाच्या डाव्या बाजूला, काही सुटले, काही कुणाच्या डोक्याला लागले, पण जो जो हात वर गेला तो डावा होता. पट्टी नसलेला. हळूहळू हसणं थांबलं. लोक आपापल्या हातातल्या चेंडूकडे बघायला लागले, मग रिकाम्या मनगटाकडे, मग मागच्या प्रेसकडे.

तेव्हा मला माझंच कळलं. इतके महिने मी डावरी असल्याचा, आईच्या दांडीचा, त्या पेढ्याचा हिशेब लावत बसले होते. जॉब डाव्या बाजूला घसरला होता, माझ्या जागी इथलं कुणीही असतं तरी डावाच हात गेला असता. माझी पट्टी डाव्या हाताला असती तर एखाद दिवशी उजवा गेला असता. कामाचा हात असा काही नसतोच.

"माझी चूक नव्हती," मी माइकवर म्हणाले. "हिचीही नव्हती." आणि आईकडे चेंडू टाकला. तिच्या अगदी समोर, छातीच्या मधोमध, ना डावीकडे ना उजवीकडे.

आईने तो डाव्या हाताने झेलला. पटकन, सफाईने, माझ्यासारखाच. मग तिने आजूबाजूला बघितलं आणि कुणी पाहिलं नाही ना अशा बेताने तो उजव्या हातात घेतला.

मी तिच्याकडे बघत राहिले. हिलाही कुणीतरी मारलं होतं. आयुष्यभर हिने कुणाला कळू दिलं नाही, मलासुद्धा नाही.

माइक बंद केला होता. साहेब माझ्या कोपराला धरून मला खाली उतरवत होते. शबाना उठली, आपल्या प्रेसकडे गेली, पट्टी काढून डायवर ठेवली आणि शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली. मग पाटणची पोरगी गेली. मग बाकीचे. त्या दिवशी शिफ्ट सुरू झाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कंपनीने शेवटी दोन बटणं परत बसवली आणि फलकावर लिहिलं की ही व्यवस्थापनाची नवी संकल्पना आहे. मला अर्थातच काढलं. कुलथे मॅडमचा निरोप आला की त्यांना वाईट वाटतं. वाटू दे.

आता मी कामगार संघटनेचं काम करते. एमआयडीसीच्या गेटवर, शिफ्ट सुटताना, पिशवीत चेंडू घेऊन उभी असते. बाकीच्या कारखान्यांत पट्टी अजून एकाच हाताला आहे, बटणं अजून काढलेलीच आहेत, आणि माझ्या भरपाईचा खटला चालू आहे. लोक विचारतात, तुमचं काम काय? मी म्हणते, झेला, मग सांगते. या नोकरीला नाव नाही. ओळखपत्रही नाही.

परवा दुपारी अंगणात आई आणि इरा त्यातलाच एक पिवळा चेंडू खेळत होत्या. मी दारात बसले होते. आई डाव्या हाताने टाकत होती. लपवत नव्हती, तिचा नेम उजव्याहून कितीतरी चांगला होता. इरा झेलत होती, कधी या हाताने, कधी त्या. मी बघत होते आणि मध्येच आईने चेंडू माझ्याकडे टाकला. न सांगता, न हाक मारता, माझ्या डाव्या बाजूला.

मी काही ठरवलं नाही. डावा, उरलेला तेवढा हात सपकन पुढे गेला. जिथे तळवा असायला हवा होता तिथून चेंडू आरपार आला आणि छातीवर आदळला.

"सुटला," इरा म्हणाली.

मी तो उचलून आईकडे फेकला. "परत टाक," मी म्हटलं.